मयतांच्या कागदाची शेवटची ओळ

या साहेब, आगीजवळ सरका. तुमची घोडागाडी आज काही हलत नाही. बांधावर कमरेएवढा बर्फ साचलाय आणि तुमचा गाडीवान आत सराईच्या मालकिणीशी गप्पा ठोकत बसलाय, म्हणजे उद्याचाही भरवसा नको. बूट काढून ठेवा, इथं कोणी नाक मुरडत नाही. तुमच्या पिशवीतून पुस्तक डोकावताना दिसलं, म्हणून म्हटलं या माणसाला गोष्ट सांगावी. घडलेली आहे. ऐकून झाली की तुम्हाला एक काम सांगेन. लहानसंच. पण आधी गोष्ट.

मी जॉब. या ऑल्डरमिअरच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं घंटा ओढली नि कबरी खणल्या. गेल्या सप्टेंबरात ओल्या खड्ड्यात घसरलो, कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ही खुर्ची. अक्षर म्हणाल तर मला एक येत नाही. कवी मात्र ढिगानं पाहिलेत. हसू नका. त्या दिवसांत टूमच निघाली होती. शहरातली चांगल्या घरची पोरं थंडीत मुद्दाम आमच्या कबरस्तानात यायची, ओल्या दगडावर बसून उसासे टाकायची आणि मरणावर, काळ्या झाडांवर नि घुबडावर कविता करायची. घुबड आमच्याकडे नव्हतंच. मनोऱ्याची जाळी दुरुस्त केली तेव्हाच ते उडून गेलं. तरी प्रत्येकाच्या कागदात घुबड! एकानं मला खड्ड्यात उभं असताना विचारलं, "बाबा, इथं उभं राहिल्यावर मनात कसले गंभीर विचार येतात?" मी म्हटलं, "खाली पाणी लागतंय, हाच येतो." त्यानं तेही लिहून घेतलं.

मिस्टर सेलवुड त्यातले नव्हते. त्यांना उदास व्हायला कबरस्तानात यावं लागत नव्हतं.

गावाच्या टोकाला, जिथून पुढं नुसती दलदल, तिथं त्यांचं घर. ते आणि त्यांची थोरली बहीण मिस डॉर्कस. उन्हाळ्यात माणूस चांगला, गुलाब छाटायचा, दूधवाल्याची विचारपूस करायचा. नोव्हेंबर लागला की मात्र बघायला नको. वैद्य म्हणायचे काळं पित्त, मन काळवंडायचा रोग. ते उत्तरेच्या खिडकीसमोर खुर्ची ओढायचे आणि तिथंच बसायचे, दिवसचे दिवस. मिस डॉर्कस घरातले वस्तरे कुलपात टाकायची. दोर, सुऱ्या, सगळंच. खिडकीतून काय दिसायचं? पांढरं रान, पांढरं आभाळ, मधे पाण्याचा एक काळा चर.

आता आमच्याकडची रीत सांगतो. वर्षभरात गावात जेवढे मेले, त्यांचा एक कागद दर नाताळाला छापतात. वर काळी चौकट, मधे आकडा, खाली कविता. नाताळच्या दुसऱ्या दिवशी चर्चचा कारकून तो घरोघर वाटतो आणि लोक भिंतीला चिकटवतात. मयतांचा कागद म्हणतात त्याला. आपला कारकून होता एबल थर्कल. गोष्ट त्याची आहे. त्यानं मला शेवटी सगळं सांगितलं, अगदी मनात आलं गेलं ते सुद्धा, म्हणून मी त्याच्या आत बसून आल्यासारखं सांगू शकतो.

एबल म्हणजे उंच, वाकलेला, पोटात माया पण तोंडानं रूक्ष. मेलेल्यांची नावं चर्चच्या वहीत लिहायची, प्रार्थनेनंतर मोठ्यानं आमेन म्हणायचं आणि स्तोत्र सुरू व्हायच्या आधी लोकांना सूर द्यायचा, ही त्याची कामं. सुरासाठी त्याच्याकडे एक लाकडी पिपाणी होती, वीतभर, चौकोनी. ती फुंकली की माडीवरची गाणारी माणसं तो सूर उचलायची. बायको कधीच गेलेली. घरात एकटी मुलगी, केझाया. सतरा वर्षांची. सगळे केझीच म्हणायचे.

एबलनं मिस्टर सेलवुडना कवितेची गळ घातली ती मिस डॉर्कसच्या सांगण्यावरून. "काही काम असलं हाताला, तर हिवाळा निघेल त्याचा," ती म्हणाली होती. आणि खरंच निघाला. पहिल्या वर्षी निघाला, दुसऱ्या वर्षी निघाला. कविता सुद्धा लोकांना आवडल्या. त्यात घुबड नव्हतं. थंडी होती, शांतता होती, आणि शेवटच्या ओळीत दर वेळी एखादी साधी घरातली वस्तू यायची. पहिल्या वर्षी, दगडावर ठेवलेला कंदील. दुसऱ्या वर्षी, दार उघडं राहिलेला पिंजरा. बायका वाचून डोळे पुसायच्या. का, ते त्यांनाच ठाऊक.

तिसऱ्या वर्षी, वीस डिसेंबरला सकाळी एबल कविता आणायला गेला. शाई दौतीत गोठलेली, म्हणून मिस्टर सेलवुडनी दौत काखेत धरून ठेवली होती.

"घ्या कारकून. यंदा लवकर झाली."

एबलनं उभ्या उभ्या वाचली. खालची ओळ अशी होती, मला पाठ आहे: शेगडीपाशी वाळतो एकुलता मोजा, टाचेला निळा टाका.

"छान आहे साहेब," तो म्हणाला आणि कागद खिशात घातला.

घरी आला तर केझी शेगडीपाशी बसून मोजे रफू करत होती. करड्या लोकरीचे मोजे. करडा धागा संपला होता, म्हणून तिनं टाच निळ्या धाग्यानं भरली होती.

"काय बघताय बाबा? उठून दिसतंय ना? बुटात जाणार आहे, कोण बघतंय."

"कधी भरलीस?"

"आत्ताच की. अजून गाठसुद्धा मारली नाही."

एबल तसा शहाणा माणूस. निळा धागा काय, गावात दहा घरी असेल. पण तो चर्चमध्ये गेला. तिथं आतल्या खोलीच्या भिंतीवर मागचे दोन कागद चिकटवलेले होते. त्याखाली मेजावर मयतांची वही. त्यानं वही उघडली आणि कागद वाटून झाल्यावरचं पहिलं नाव काढलं, दोन्ही वर्षांचं.

पहिल्या वर्षी नोआ टिब्स. चरावरच्या बर्फातून खाली गेला. काठावरच्या दगडावर त्याचा कंदील तसाच जळत होता. मीच विझवला होता तो, मला आठवतंय.

दुसऱ्या वर्षी म्हातारी मिस पेक. खाटेत गेली. डोक्याशी टांगलेला पिंजरा उघडा नि पाखरू पडद्यावर बसलेलं.

एबलला आणखी एक गोष्ट दिसली. कंदील नोआचा नव्हताच. गिरणीवाल्याकडून मागून आणला होता. गिरणीवाला आजही जिवंत आहे, आजही कंदिलासाठी रडतो. पिंजरा न्हाव्याचा होता, म्हातारीचं मन रमावं म्हणून त्यानं आठवड्यापुरता दिला होता. न्हावी ठणठणीत. म्हणजे वस्तू कोणाची याला महत्त्व नव्हतं. ती ज्याच्यापाशी असेल, तो.

एबलनं वही मिटली. घरी जाऊन केझीला म्हणाला, "बर्फावर जायचं नाही. चरापलीकडे जायचं नाही."

"का?"

"मी सांगतो म्हणून."

"वा! अख्खा गाव घसरायला जातो, मी काय ताक घुसळत बसू?"

"बस."

दुसरा दिवस सेंट थॉमसचा. त्या दिवशी गरीब बाया घरोघर फिरून गहू मागतात, कोणी नाही म्हणत नाही. दुपारी दारात एक बाई आली, दलदलीपलीकडची, काखेत पोर. पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. केझीनं गहू दिले. मग तिच्या पायांकडे पाहिलं, आत गेली आणि तेच मोजे घेऊन आली.

"घ्या हो मावशी. टाच निळी आहे, पण ऊब तीच."

एबल जिन्याशी उभा होता. त्यानं पाहिलं. अडवलं नाही. साहेब, हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मान खाली घातली होती. म्हणाला, "जॉब, मला बरं वाटलं. देवाशपथ, छातीवरचा दगड कोणीतरी उचलला असं वाटलं. दार लागलं. मी खाली बसलो. पाव कापायला घेतला. आणि मग तिच्या काखेतल्या पोरानं माझ्याकडे पाहून हात हलवला होता, ते आठवलं."

तो टोपी न घालता धावला. बाई पुलापर्यंत पोचली होती.

"मोजे दे."

"दिलेले परत घेता?"

"दे म्हणतो ना! हे घे, माझा कोट घे. मोजे दे."

"चर्चचा माणूस!" बाई पुलावर उभी राहून ओरडली. "गरिबाच्या पायातलं काढून घेतोस! थंडी तुझ्याच घरात शिरो!"

कोट मात्र तिनं घेतला. पूल ओलांडेपर्यंत शिव्या देत होती.

एबल मोजे घेऊन घरी आला आणि सरळ आगीत टाकले. आमच्याकडे दलदलीतली वाळवलेली माती जाळतात, तिला ज्वाळा नाही, नुसती धग. एक मोजा धगीत पडला, काळा झाला, गेला. दुसरा शेगडीच्या कठड्यावर अडकला. बर्फ लागून ओला झाला होता, त्यातून वाफ निघत होती. टाच बाहेरच्या बाजूला.

शेगडीपाशी. एकुलता.

केझी बघतच राहिली. "बाबा, तुम्हाला बरं आहे ना?"

त्यानं तो चिमट्यानं आत ढकलला. पण वाळत टांगलेला त्यानं पाहिला होता, आणि तसा तो त्यानं स्वतःच टांगला होता. म्हणजे जाळून भागणार नव्हतं. ओळच बदलायला हवी होती, छापखान्यात जायच्या आधी.

तसाच, कोटाशिवाय, तो सेलवुडांकडे गेला. मिस डॉर्कसनं त्याला दारातच अडवलं.

"मिस्टर थर्कल, त्याला कसलीही वाईट बातमी सांगायची नाही. या आठवड्यात तो दोन वेळा जेवलाय. दोन वेळा! एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर तो पुन्हा त्या चराकडे बघत बसेल. मागे एकदा गुडघाभर पाण्यातून ओढून आणलंय मी त्याला. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय बाईसाहेब."

म्हणजे खरं कारण सांगायची सोय नव्हती. तो आत गेला.

मिस्टर सेलवुड तिथंच, खिडकीसमोर. एबलनं घसा खाकरला.

"साहेब, ती शेवटची ओळ. पाद्रीसाहेबांची जरा हरकत आहे."

"कशाला?"

"मोज्याला. चर्चच्या कागदावर बाईमाणसाचा मोजा शोभत नाही, म्हणतात."

मिस्टर सेलवुड हसले. एबलनं त्यांना हिवाळ्यात हसताना कधी पाहिलं नव्हतं. "पाद्रीबुवांना कोणी सांगितलं तो बाईचा आहे म्हणून?"

एबल स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला.

"पण मी तरी काय करू कारकून? मी मनचं काही घालत नाही. जे दिसतं ते लिहितो." त्यांनी काचेकडे बोट केलं. "या दिवसांत मला दुसरं काही दिसत नाही, नुसतं पांढरं. मग एका सकाळी त्यात एक साधी वस्तू येते. तुमच्या आमच्या घरातली. तुम्हाला सांगतो, तिच्या आधारावर मी तग धरतो."

एबलनं पाहिलं. काचेवर बर्फ चढला होता, नेहमीसारखा, नेच्याची पानं, पिसं, जंगलं. आणि मधोमध तळहाताएवढ्या जागेत पानं नव्हती. तिथं एक मोजा लटकत होता. टाचेवर आडवे उभे टाके, मोजता येतील इतके. आणि त्या टाक्यांमधून, काच तेवढीच उघडी असल्यासारखं, मागचं संध्याकाळचं निळं आभाळ दिसत होतं.

त्यानं नजर काढून घेतली.

"तरी बदलाच साहेब."

"बरं. पण ओळीत भोक पडलं की कविता लंगडते. तिथं काहीतरी हवं. खरं हवं, कोणाच्या तरी घरातलं. मला यंदा दुसरं दिसलं नाही. तुम्ही द्या."

"मी?"

"तुम्ही सगळ्या गावाच्या घरांत जाता. सांगा एखादी वस्तू."

साहेब, तुम्ही असता तर काय सांगितलं असतंत? एबलच्या डोळ्यांसमोरून अख्खा गाव गेला. गिरणीवाल्याचा तंबाखूचा पाईप. गिरणीवाला पिठात खडू मिसळायचा, त्याच्यासाठी कोणी रडलं नसतं. विधवा ग्राइसची काठी. ब्याण्णव वर्षांची होती ती, रोज मरण मागायची. एबलचं तोंड उघडलं होतं. काठी हा शब्द जिभेवर आला होता.

मिस्टर सेलवुड टाक घेऊन थांबले होते.

"पिपाणी," एबल म्हणाला. "लाकडी. सूर द्यायची."

"तुमची?"

"कोणाची का असेना. बाकावर पडलेली. फुंकर नसलेली."

"फुंकर नसलेली पिपाणी." त्यांनी लिहिलं. मग मान वर करून म्हणाले, "कारकून, तुम्ही तर माझ्याहून उदास आहात."

कविता छापखान्यात गेली. नाताळ आला. चर्चच्या दारात मिस डॉर्कसनं एबलला गाठलं, चेहरा फुललेला. "मिस्टर थर्कल, गंमत ऐका. आज सकाळी भावानं मला हाक मारली. म्हणाला, डॉर्कस, बघ, बर्फसुद्धा पाद्रीबुवांचं ऐकतो. मोजा गेला. काचेवर आता पिपाणी आलीय."

त्याच दुपारी एबल मनोऱ्यात माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. मी हसलो. "अरे, काचेवर माणसाला हवं ते दिसतं," मी म्हटलं. "मला तर दर हिवाळ्यात माझ्या सासूचं नाक दिसतं."

तो हसला नाही. "जॉब, केझीकडे लक्ष दे. आणि एक ध्यानात ठेव. पुढं कधी तुझ्या घरातली वस्तू आली, तर ती हलवायची नाही. हलवली तर ती दुसऱ्याच्या घरी जाते, एवढंच."

दुसऱ्या दिवशी त्यानं घरोघर कागद वाटले. घरी परतला तर केझी खुंटीवरची पिपाणी काढून फुंकत होती, रविवारच्या सुराची तयारी. त्यानं ती तिच्या तोंडातून हिसकावून घेतली. तिचा ओठ फुटला. जन्मात पहिल्यांदा त्यानं तिच्यावर हात उगारल्यासारखं केलं.

"हिला हात लावायचा नाही! कळलं? कधीच नाही!"

केझी रडली नाही. ओठ पुसून म्हणाली, "त्या बाईचा शाप लागलाय तुम्हाला."

तेव्हापासून पिपाणी त्याच्या सदऱ्याच्या आत. झोपतानाही.

नव्या वर्षाचा पहिला रविवार आला. तोवर गावात कोणी मेलं नव्हतं. वहीचं पान कोरं होतं. चर्चमध्ये इतकी थंडी की लोकांचे श्वास दिसत होते, बाकांवर धुराच्या रांगा लागल्यासारख्या. मी घंटेच्या दोराशी होतो, मला सगळं दिसत होतं. एबल खाली त्याच्या बाकाशी, केझी वर माडीवर.

पाद्रीबुवांनी स्तोत्राचा आकडा सांगितला. एबल उठला. पिपाणी काढली, ओठांना लावली. फुंकली.

आवाज आला नाही.

त्यानं पुन्हा फुंकली. गाल फुगलेले दिसले. पण एक गोष्ट, साहेब, मी शपथेवर सांगतो. सगळ्यांचे श्वास दिसत होते. त्याचा दिसत नव्हता.

लोक चुळबुळले. कोणीतरी खोकलं. माडीच्या जिन्यावर पावलं वाजली. केझी खाली येत होती. तिला वाटलं, थुंकी गोठली असेल, आपण मोकळी करून देऊ. ती त्याच्यापाशी आली. हात पुढं केला.

एबलनं पिपाणी बाकावर ठेवली. तिच्यावर तळवा ठेवला. आणि मान हलवली, नाही म्हणून.

"द्या ना बाबा," ती हळूच म्हणाली.

नाही.

ती तिथंच उभी राहिली. मग काय वाटलं तिला कोण जाणे, तिनं तोंड उघडलं आणि सूर स्वतःच लावला. नेमका तोच. सगळं चर्च गायला लागलं.

एबल खाली बसला.

स्तोत्र संपलं. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. मग सगळे थांबले. आमेन म्हणायचं काम त्याचं होतं.

कोणीच म्हटलं नाही.

जमीन इतकी गोठली होती की तिच्यावर दोन दिवस आग पेटवून मग मी कुदळ मारली. पिपाणी मी त्याच्याबरोबरच ठेवली.

पुढच्या हिवाळ्यात मी काय केलं माहीत आहे? साठीला टेकलेला माणूस, बर्फाच्या गोळ्यात दगड घातला आणि सेलवुडांची उत्तरेची काच फोडली. पोरांवर नाव आलं. मिस डॉर्कसनं नवी काच बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर पानं, पिसं, जंगलं, आणि मधे एक कंगवा. गावात त्या जानेवारीत कंगवा कोणापाशी सापडला, ते सांगत बसत नाही. मिस्टर सेलवुड अजून आहेत. यंदा चांगले जेवतात म्हणे.

नवा कारकून कागद वाटतो. मला वाचता येत नाही, म्हणून केझी दर वर्षी येऊन वाचून दाखवते. पाणकणसं कापणाऱ्या रूबेनशी लग्न केलंय तिनं. चांगला आहे. ऑगस्टात मुलगा झाला, त्याचं नाव एबल ठेवलं.

दोन वर्षांपूर्वी, जरा जास्त झाली होती मला, तेव्हा तिनं खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. मोज्याचं, पिपाणीचं, तिचा बाप का गेला ते. पण अर्धंच, साहेब. त्या बाईचं नि तिच्या पोराचं नाही सांगितलं. बापाला कमीपणा येईल असं वाटलं. म्हणून वस्तू हलवायची नाही, हेही राहून गेलं.

परवा नाताळ झाला. काल कागद आला. केझी इथंच, तुम्ही बसलात तिथं बसून वाचत होती. शेवटच्या ओळीपाशी थांबली. कागदाची घडी घातली, माझ्या खिशात सारली. "नेहमीचंच हो, जॉबकाका. थंडी नि बिंडी."

"आणि वस्तू?"

"काही नाही यंदा."

आज सकाळी पुन्हा आली, एवढ्या बर्फातून. माझा पेला घेऊन गेली. कथलाचा आहे, काठाला पोचा आलेला, तीस वर्षं त्यात पितोय मी. म्हणाली, "गळतोय हा. मी डाग मारून आणते." साहेब, तो पेला आजवर कधी गळला नाही. जाताना माझ्या कपाळाचा मुका घेतला तिनं. लहानपणीसुद्धा कधी घेतला नव्हता.

हा कागद. घ्या. इथं मालकिणीला वाचता येत नाही, आणि नवा कारकून माझ्याशी नजर मिळवत नाही. फक्त खालची ओळ बघा. मोठ्यानं वाचू नका. त्यात पेला नसेल तर हसा माझ्यावर, मी तुम्हाला दारू पाजतो.

असेल तर बूट घाला. या खिडकीतून बघा, चरापलीकडे तिसरं घर, धूर निघतोय ते. रूबेन बर्फ फोडायला गेलाय, केझी घरी एकटी आहे. ती देणार नाही म्हणेल, रडेल, ऐकू नका. तिच्या घरात भांडी ठेवायला एकच फळी आहे, साहेब, आणि तिच्या बरोबर खाली पाळणा आहे. माझा पेला मला आणून द्या.